चार्जिंग फुल झाल्यावरही

एसी बंद, काचा खाली, ओढणी मानेला चिकटलेली आणि समोरच्या स्क्रीनवर सात टक्के... पारोळ्याच्या त्या हायवेवरच्या हॉटेलच्या आवारात चेलना शिरली तेव्हा तिला नुसतं रडायचं बाकी होतं. चार्जरला गन दोनच. एकीला सुतळीनं पुठ्ठा बांधलेला, ‘बंद आहे’. दुसरी एका पांढऱ्या गाडीला लावलेली, आणि त्या गाडीत सीट मागे टाकून, तोंडावर टोपी ठेवून एक जण गाढ झोपलेला.

एप्रिलचं ऊन, तेही आपल्या खान्देशातलं. तिनं काच वाजवली. एकदा, दोनदा... तिसऱ्यांदा जरा जोरातच.

“किती वेळ आहे अजून?”

त्यानं टोपी काढली. तिच्याकडे बघितलं, तिच्या गाडीच्या स्क्रीनकडे बघितलं, आणि उतरून स्वतःच्या गाडीची गन काढली.

“अहो, पण तुमचं झालं का पूर्ण?”

“चोपड्यापर्यंत जाईल, ताई.”

“आणि नाही गेली तर?”

“तर ढकलत नेऊ. त्यात काय?” असं म्हणून तो हसला, आणि हसताना त्याचा एकच गाल आत गेला.

बस. एवढंच. आता यात प्रेमात पडण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा. पण चेलना पडली.

चेलना म्हणजे जळगावच्या केवलचंद शेठची मुलगी. कापडाचं मोठं दुकान, आणि नुकतंच धुळ्यातही एक उघडलेलं. सोमवारी आणि गुरुवारी धुळ्याचं दुकान ती बघायची. गाडी घेताना पप्पांनी सगळ्यात लहान बॅटरीची घेतली होती, त्यामुळे सकाळी फुल करून निघालं तरी संध्याकाळी येताना पारोळ्याला थांबल्याशिवाय जळगाव गाठायचं नाही. आणि तो कुंदन, चोपड्याच्या पाटलांचा. केळीची रोपं विकणाऱ्या कंपनीत होता, कंपनीच्या गाडीतून शेतं पालथी घालायचा. त्याचीही गाडी संध्याकाळी पारोळ्यालाच दम टाकायची.

पुढच्या गुरुवारी तो आधीच उभा होता. चार्जर मोकळा होता, तरी त्यानं आपली गाडी लावली नव्हती.

“कोणाची वाट बघताय?”

“गन गार व्हायची,” तो म्हणाला. इतकं ठार खोटं इतक्या शांतपणे बोलणारा माणूस चेलनानं आधी बघितला नव्हता.

मग ते सुरूच झालं. गाडी चार्ज व्हायला तास लागायचा आणि त्या तासात दुसरं करणार काय? लिंबाच्या झाडाखाली दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, असं तिच्या घरचं, म्हणून ती डबा तिथेच उघडायची.

“कांदा नाही, बटाटा नाही, लसूण नाही. मग तुम्ही लोक जगता कशावर?”

“लोकांना कापड महाग विकण्यावर.”

एकदा त्याच्या आईचा फोन आला, अहिराणीत. “कोठे शे रे? बठ्ठा जेवाले थांबेल शेतस.” तो गडबडून म्हणाला, “येस ना माय, चार्जिंग करी राह्यनू.” फोन ठेवला तर चेलना गालातल्या गालात हसत होती.

“माय म्हणते ते समजतं तुला?”

“बठ्ठं समजतं, सगळं. गिऱ्हाईक काय पुस्तकातलं बोलतं का दुकानात?”

“मग मागच्या वेळी गाडीत मी मित्राला फोनवर सांगत होतो... तेही समजलं?”

“काय सांगत होतास?”

“...काही नाही. खताचं चाललं होतं.”

“हो. खत फार सुंदर दिसतं म्हणालास. डोळे तर विचारूच नको म्हणालास.”

कुंदनचे कान लाल झाले. ती डब्यात बघत राहिली. वाऱ्यानं ओढणी उडून त्याच्या हातावर पडली, त्यानं हात हलवला नाही, आणि तिनंही ओढणी ओढली नाही.

पण खरं सांगायचं तर, हे होणार नाही, हे तिला माहीत होतं. घरात भाऊ, जिनेश, त्याचं लग्न जमत आलेलं. धुळ्याची रूपल, आपल्यातलंच घर, फक्त साखरपुडा बाकी. अशात बहिणीचं नाव चोपड्याच्या पाटलाबरोबर निघालं तर समोरची मंडळी काय करतील हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून तिनं कुंदनला फोन नंबर कधी दिला नाही. मागितला तर म्हणायची, “आमच्याकडे माझा फोन सगळे उचलतात.” आणि त्यानंही कधी तोंडानं काही म्हटलं नाही. दोघंही त्या तासावरच जगत होते... आणि तास संपला, गाडी फुल झाली, तरी उठायचं नाव नाही.

तिथेच घात झाला. गाडीचं ॲप जिनेशच्या मोबाइलवर होतं, हे ती विसरूनच गेली होती.

“पारोळ्याला तुझी गाडी फुल होऊन पडलेली असते,” एके सकाळी पार्किंगमध्ये तो हळूच म्हणाला. “गन लागलेली, गाडी जागेवर. दर सोमवारी, दर गुरुवारी. एकदा मी येऊन रस्त्यावरूनच परत गेलो. बघितलं मी.”

चेलनानं वर घराच्या खिडकीकडे बघितलं.

“पप्पांना मी फक्त बॅटरी लहान पडते, एवढंच सांगितलंय,” जिनेश म्हणाला. “बाकीचं मला सांगायला लावू नको, चेलू. माझं एवढं होऊ दे.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

आणि पप्पांनी काय केलं असेल? नवी गाडी आणली. मोठ्या बॅटरीची. नारळ फोडला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि लहान मुलासारखे खूश होऊन म्हणाले, “आता धुळ्याला जा, परत ये, मधे कुठे उभं राहायची गरज नाही. उन्हातान्हात किती ताप व्हायचा माझ्या पोरीला.”

ती त्यांच्या पाया पडली. दुसरं काय करणार होती?

पहिले दोन-तीन आठवडे जिनेश सोबत होता. पारोळ्याजवळ तो मोबाइलमध्ये डोकं घालायचा आणि ती आवाराकडे बघायची नाही, पण दिसायचं. पांढरी गाडी, लिंब, दोन खुर्च्या, एकीवर तो. नंतर एका सोमवारी जिनेशला साखरपुड्याच्या खरेदीत थांबावं लागलं, ती धुळ्याहून एकटी निघाली, आणि पारोळा आल्यावर गाडी आवारात वळवली. अर्ध्याहून जास्त चार्जिंग असताना.

कुंदन उठला. पण पुढे आला नाही.

“बस ना गाडीत,” ती म्हणाली. “एसी चालू आहे. आता परवडतो.”

तो बसला. दार इतकं हळू लावलं की आवाजच झाला नाही.

“मी तुमच्या दुकानात जाऊन आलो,” तो म्हणाला. “जळगावच्या. मागच्या आठवड्यात.”

“काय?”

“तू येईनाशी झालीस. नंबर नव्हता. म्हटलं, सरळ शेठजींनाच विचारावं.”

“मग?”

“चहा पाजला. दुसऱ्या गिऱ्हाइकाला थांबवून माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, तुमच्यात खोट काही नाही. पण माझ्या मुलाचं मोडेल, आणि मोडलं तर चेलना स्वतःला कधी माफ करणार नाही. तिला तुम्ही ओळखता ना?” कुंदन थांबला. “मी म्हणालो, ओळखतो. मग त्यांनी हात पुढे केला... आणि मी शब्द दिला.”

“कसला शब्द?”

“तुझ्या वाटेत येणार नाही याचा. इथे आजचा शेवटचा. कंपनीला सांगून शिरपूरकडचा भाग मागून घेतलाय.”

म्हणजे पप्पांना सगळं माहीत होतं. ते रोज ताटावर बसायचे, गाडी कशी चालते विचारायचे... आणि त्यांना सगळं माहीत होतं.

“दोघांनी बसून ठरवलंत,” ती म्हणाली. “चहा पीत. माझं ठरलं आणि मीच नव्हते.”

“चेलना—”

“मला एकदा विचारायचंस की रे. मी नाहीच म्हणाले असते. पण माझं मी म्हणाले असते.”

तो खिडकीबाहेर बघत राहिला.

तेवढ्यात फोन वाजला. गाडीच्या स्पीकरवर, मोठ्यांदा. स्क्रीनवर जिनेशचं नाव. कुंदननं दाराच्या हँडलला हात घातला, पण तिनं त्याची बाही धरली आणि फोन उचलला.

“पारोळ्याला का थांबलीस?” जिनेशचा आवाज सगळ्या गाडीत भरला. “चार्जिंग तर आहे भरपूर.”

“आहे,” चेलना म्हणाली. “चार्जिंगसाठी नाही थांबले. कुंदन शेजारी बसलाय. मला तो आवडतो, जिनेश. पहिल्या दिवसापासून. हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं, ते सांगायला थांबले.”

पलीकडे दुकानात कुणीतरी साड्यांचे भाव सांगत होतं.

“आणि मी घरी येतेय,” ती म्हणाली. “साखरपुड्यात तुझ्या मागे उभी राहीन, रूपलला ओवाळीन, सगळं करीन. पण हे खोटं होतं असं मला कुणी म्हणायला लावू नका. पप्पांनाही सांग.”

“...हळू चालव,” जिनेश म्हणाला, आणि फोन बंद झाला.

कुंदनची बाही अजून तिच्या मुठीत होती. त्यानं ती सोडवली नाही. त्यानं आता ‘थांब’ म्हणावं, एकदाच म्हणावं, असं तिला इतकं वाटत होतं की तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. पण शब्द दिला की दिला, असा तो होता. त्याच्यावर जीव जडला तो यामुळेच, आणि आता यामुळेच तो गप्प होता.

“मलाही,” तो शेवटी म्हणाला. एवढंच.

तिनं मूठ उघडली.

तो उतरून आपल्या गाडीपाशी गेला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. मागून एक टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. “ताई, चार्जिंग करायचं नसेल तर गाडी काढा ना, आमची संपत आलीय.”

चेलनानं गाडी काढली. एरंडोल गेलं, पाळधी गेली. रस्ताभर तिला काही दिसत नव्हतं, आणि नवी गाडी कुठेही न अडता, आवाजही न करता, तिला घराकडे नेत राहिली.