घराकडे कललेला ट्रक

ट्रकचे मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, पार बसले होते. गॅरेजला द्यायचं सोडून नवऱ्याने तो घरासमोरच जॅकवर घेतला. मी चिमीला कडेवर घेऊन पायरीवर उभी. ती नुकतीच बसायला शिकली होती. तिला टेकूशिवाय ठेवायचं म्हणजे माझा जीव टांगणीला.

नवे पाटे बसले, जॅक निघाला आणि ट्रक डावीकडे, घराच्या बाजूला कलला. चाक आणि मडगार्डमध्ये इकडे चार बोटं, तिकडे वीतभर. सासऱ्यांनी जन्मभर ट्रक चालवला. ते ओट्यावरून म्हणाले, "शाळेत रेघासुद्धा अशाच मारायचास." शेजारी हसले. नवरा हसला नाही.

त्याने सगळं पुन्हा खोललं, डावे पाटे उजवीकडे घातले. तसंच. मग जमिनीला उतार असेल म्हणून त्याने ट्रक वळवून तोंड उलट करून लावला. आता तो उजवीकडे कलला. म्हणजे पुन्हा घराकडेच.

"जमीनच," तो म्हणाला. सुटल्यासारखा.

जमीन नव्हती. तो हात धुवायला आत गेला, तशी मी चिमीला घेऊन ट्रकच्या पलीकडच्या दोरीवरचे कपडे काढायला गेले. मागे वळले तर ट्रकची सावली पायाशी आलेली. मडगार्डखाली हात घातला. चार बोटं, माझ्या बाजूला.

भास म्हणून तेव्हाच घरात जायचं होतं. शिकलेली बाई मी; मला खात्री हवी होती. पोरीला घेऊन मी ट्रकभोवती फिरले. गाय मान खाजवून घ्यायला अंगावर येते, तसा तो सावकाश आमच्यामागून झुकत आला. पाटे करकरलेसुद्धा नाहीत. दुसरी फेरी मारायची काही गरज नव्हती.

मारली. चिमी खिदळत होती.

रात्री जेवताना सासऱ्यांनी रेघांचा विषय पुन्हा काढला. नवऱ्याची मान ताटात. त्याची चूक नव्हती, हे मला एकटीला ठाऊक होतं. पण सांगणार काय? आणि सांगितलं, तर ट्रकभोवती पोरीला कशाला फिरवलंस, हेही कोणीतरी विचारणारच.

"जुनेच घाल परत," एवढंच मी त्याला म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. तूसुद्धा, असं. मी भाजी वाढत राहिले.

सकाळी त्याने झिजलेले पाटे पुन्हा चढवले. ट्रक सरळ उभा राहिला. सासरे ओट्यावरून नुसते बघून आत गेले. ते जास्त लागलं असावं त्याला.

मी ट्रकभोवती एकटीच फिरून आले. मग चिमीला घेऊन फिरले. जागचा हलला नाही. पहिल्यांदाच नीट श्वास घेतला आणि तिला मागच्या खोलीत चटईवर बसवलं.

ती डावीकडे कलली. पडली नाही. तशीच राहिली, कशालातरी टेकल्यासारखी.

डावीकडे अंगणाकडची भिंत होती; तिच्यापलीकडे ट्रक.

मी तिला सरळ केलं. पुन्हा तशीच.

उचललं. तोंड फिरवून बसवलं.

ती उजवीकडे कलली.

नवरा दारात येऊन उभा राहिला. हात अजून काळेच. "काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले. "जमीन."