दुपारची आई

मीना, डबा सोड आणि खाता खाता ऐक. लेकराला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावून येतीस, हे काल ऑटोत तूच सांगितलंस, म्हणून बोलून राह्यले. न्हाईतर ही दैवशाला घरातलं बाहेर सांगणारी बाई न्हाई.

मलाबी दोन लेकरं. अर्पिता पाच वर्षांची, सोमा अडीचचा. नवरा मच्छिंद्र जालन्यात सळईच्या कारखान्यात, भट्टीवर. तिथली धग घरी आणायचा आणि आमच्यावर काढायचा. मला मारायचा त्याचं मला काही वाटेनासं झाल्तं. पण एका दुपारी पाळी सोडून, पिऊन आला आणि सोमा रडतो म्हणून त्याला लाथेनं ढकललं. मी तेव्हा इथं शेडनेटमधी, बियाण्यासाठी हातानं पराग लावलेल्या मिरचीच्या फुलांना खुणेचे दोरे बांधून राह्यले होते. संध्याकाळी लेकराच्या कपाळावरचं टेंगूळ बघितलं आणि दुसऱ्या दिवशी कुलूप आणलं. चावी एकच, तीबी माझ्या कमरेला. लेकरं कोंडायची हौस कुणाला असती गं? पण काम सोडलं तर खायचं काय, आणि दार उघडं ठेवलं तर तो येणार.

मंग श्रावण आला. जिवतीचा शुक्रवार. आईनं लेकरांना ओवाळायचं, आणि लेकरू परगावी असलं तर घरात उभं राहून चारी दिशांना अक्षता टाकायच्या, जिथं असेल तिथं त्या पोचतात, हे तुला म्हाईतच आहे. त्या दिवशी मालकानं सुट्टी दिली न्हाई. फुलं माणसासाठी थांबत न्हाईत, म्हणाला. सकाळी लेकरं झोपलेली, ओवाळायचं राहूनच गेलं. मी हळदीचे तांदूळ पदराला बांधून आणले आणि बाराच्या सुमाराला इथं, ह्याच जाळीत, चारी बाजूंना टाकले. रडू आवरेना. म्हटलं, जिवतीमाय, लेकरांची आई लेकरांपाशी राहू दे.

वारा बिलकुल नव्हता. तरी वरची जाळी एकदा आत ओढल्यासारखी झाली आणि सुटली. मी पुन्हा कामाला लागले.

संध्याकाळी कुलूप काढलं तर अर्पिताच्या दोन वेण्या घातलेल्या. तेल लावून, घट्ट. पाच वर्षांच्या पोरीला स्वतःची वेणी येती का? सोमाचं तोंड पुसलेलं, ताटल्या धुवून पालथ्या. कुणी घातल्या गं वेण्या, म्हटलं. तर म्हणे, तूच की, दुपारी आल्तीस. मी हसले. खरं सांगते, हसले. चावी तेवढी चाचपून बघितली. ती कमरेलाच होती.

मंग रोज तेच. आणि माझं मेलीचं बघ, मला बरं वाटायला लागलं. इथं फुलं हाताळताना जीव तिकडं ओढेनासा झाला. लेकरं जेवलेली असायची, हसरी असायची. कोण, कसं, हे मी विचारायचंच टाळलं.

आठ-दहा दिवसांनी मच्छिंद्र पुन्हा भरदुपारी घरी गेला. कुलूप तोडायला दगड घेतला होता, असं शेजारीण सांगती. दोनदा हाणला. मंग खिडकीत वाकून आत बघितलं आणि दगड खाली ठेवला, हळू, कुणाची झोप मोडू नये तसा. त्या दिवसापासून त्यानं बाटलीला हात लावला न्हाई, मला न्हाई, लेकरांना न्हाई. मी जवळ गेले की भिंतीकडं सरकतो. आत काय बघितलंस, म्हणून मी लई खोदलं, तेव्हा एवढंच म्हणाला, "तू माझ्याकडं तसं कधीच बघितलं न्हाईस..."

मी अक्षतांपासून सगळं तुळजाबाईला सांगितलं. पलीकडच्या ओळीतली म्हातारी, तीच. तिचे हात फुलावरच थांबले.

"उलटं केलंस बाई," ती म्हणाली. "लेकरू बाहेर आणि आई घरात, तेव्हा अक्षता टाकायच्या असतात. लेकरं घरात होती. बाहेर तू होतीस. मंग घरातली आई कोण...?"

उपाय विचारला. मंग म्हणाली, तिला जा म्हणशील आणि मच्छिंद्र परत दगड उचलील, तेव्हा काय करशील?  

दुसऱ्या दिवशी अर्धी मजुरी सोडून दुपारीच घरी गेले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, पत्रे तडतडून राह्यले होते. खिडकीपाशी गेले तर आतून मिरचीच्या पाल्याचा वास आला. माझ्या हातांना येतो, बराबर तोच. ती पाठमोरी बसली होती. सोमा मांडीवर. कोपरावर तव्याचा डाग, माझ्या आहे तिथंच. हळूहळू थोपटून राह्यली होती त्याला, मला जेवढ्या सवडीनं कधी जमलं न्हाई तेवढ्या सवडीनं. मला हाक मारायची होती. पण कुणाला मारू?

अर्पितानं मान वर केली. सरळ माझ्याकडं बघितलं आणि ओठावर बोट ठेवलं. सोमा झोपलाय म्हणून. मी मान हलवली, मीना. मान हलवली आणि गुपचूप परत कामावर आले.

परवाच्या रविवारी सुट्टी होती. मच्छिंद्र पाळीला गेल्ता. मी ठरवलं, आज मी घरातून हलायची न्हाई, लेकरं माझी आहेत. गोडाचा शिरा केला, अर्पिताला जवळ घेऊन बसले. सोमा काही मांडीवर येईना. बारा वाजत आले तशी अर्पिता उठली. माझ्या चपला दारात नीट मांडल्या. रागानं न्हाई गं. पाहुणी निघाली की मांडतो तशा. मंग माझं बोट धरून मला उंबऱ्यापर्यंत आणलं.

"मावशी, जा आता," ती हळूच म्हणाली. "आईची यायची वेळ झाली..."

माझे पाय बाहेर पडले. माझे मलाच थांबवता आले न्हाईत. मागं दार लागलं. उन्हात उभी राहून मी बघत होते, माझ्यासमोरून कुणी आत गेलं न्हाई. तरी आतून वरची कडी सरकल्याचा आवाज आला. ती कडी चौकटीच्या अगदी माथ्यावर आहे. तिला माझा हातसुद्धा टाचा उंच केल्यावरच पुरतो.