नवव्या फेरीतली निळी गाडी

"आज पाच वाजता माझ्या बाबांना क्लबातून काढणार आहेत," दारातून आत येता येताच ती मुलगी म्हणाली. "चोर म्हणून!"

भाऊजींचा घास हातातच राहिला. वहिनींनी मात्र खुर्ची पुढे सरकवली. वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. अठरा वर्षं विमा कंपनीसाठी खोटे अपघात हुडकून झाल्यावर बाईंनी स्वतःचं तपासाचं काम सुरू केलं होतं. बँकेतून निवृत्त झालेले भाऊजी वही घेऊन त्यांच्या मागे फिरत. लिहून घेणं त्यांना झकास जमे. लिहिलेल्याचा अर्थ लावणं, ते जाऊ द्या.

मुलगी नर्स होती. वडील मिस्त्री. साध्या मोटारी शर्यतीसाठी तयार करून पळवतात, त्या टूरिंग कारच्या शौकिनांचा एक क्लब होता आणि मिस्त्री चाळीस वर्षं त्यातले. एकतीस वर्षांपूर्वी एका शर्यतीत गाडी पेटली होती. त्या दिवसाचे कुणीच न पाहिलेले फोटो परवा एका दिवंगत छायाचित्रकाराच्या बायकोने बंद पाकिटात क्लबला पाठवले. आज सकाळी अकराला चिटणीसबाईंनी पाकीट कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि सगळे शर्यतीला गेले. दुपारी बारा वाजता बघतात तर पाकीट गायब, कुलूप शाबूत!

"बाई शर्यतीच्या शेवटच्या रेषेवर पंचांजवळ होत्या. बाकी किल्ल्या तिघांकडे," मुलगी म्हणाली. "दोघं ट्रॅकवर होते. बाबा गुडघ्यामुळे क्लबातच बसले होते. चाळीस वर्षांत त्यांनी तिथला एक नट घरी आणला नाही हो!"

क्लब ट्रॅकच्या कुंपणाला लागूनच होता. आत चोरीचं राहिलं बाजूला, पुढच्या हंगामात जिंकणाऱ्या गाडीत, ती जरा मंदावी म्हणून, आणखी वजन टाकणार या बातमीवर हमरीतुमरी चालली होती. मिस्त्री कोपऱ्यात बाकावर बसले होते.

"माझा डोळा लागला होता. कोण आलं, कोण गेलं, ठाऊक नाही," ते म्हणाले.

"फोटोंत काय असेल?"

"आग," म्हणत मिस्त्री गुडघा चोळू लागले.

दुसरी किल्ली टायरवाल्याकडे होती. "मी हेअरपिनवर, त्या यू आकाराच्या वळणावर होतो," तो म्हणाला. "तिथून पुढे जेमतेम अर्ध्या मैलावर शेवटची रेषा. अकरा नंबरची निळी गाडी नवव्या फेरीत माझ्यासमोरून खोकत गेली आणि रेषेच्या आधीच गवतात बसली. जीव हळहळला!"

"तुम्ही फेऱ्या लिहिल्या का?"

"छे, छे. मी आपला डोळे भरून बघतो. कागद भरायचा नाद वाघाला."

तिसरी किल्ली याच वाघाची. खरा वाघ नव्हे. चांगला ढेरपोट्या गृहस्थ. त्या आगीतून ड्रायव्हरला ओढून काढल्यापासून क्लबाने त्याला हे नाव दिलं होतं.

"या दोन हातांनी काढला त्याला!" वाघाने हात पुढे केले. "काच फुटलेली, धूर डोळ्यांत..." तो असा रंगून सांगत होता की भाऊजी लिहायचं विसरले.

"आज सकाळी कुठे होतात?" वहिनींनी विचारलं.

"हेअरपिनवर, गर्दीत. हा घ्या पुरावा." त्याने कागद काढला. शर्यतीत प्रत्येक फेरीला समोरून ज्या क्रमाने गाड्या जातात, ते नंबर लिहून ठेवायची शौकिनांची पद्धत. बारा फेऱ्या, वीस गाड्या, कुठे खाडाखोड नाही. अकरा नंबर आठव्या फेरीपर्यंत होता, पुढे नव्हता.

बाहेर फळ्यावर पंचांचा फेऱ्यांचा तक्ता लागला होता. "यातल्या फेऱ्या रेषेवर मोजतात," चिटणीसबाई म्हणाल्या. "शर्यत संपल्या संपल्या आम्ही लावतो."

भाऊजींनी तोही इमानेइतबारे उतरवून घेतला. मग हळूच म्हणाले, "वहिनी, मिस्त्रीच असणार. वाईट वाटतं, पण..."

"तुम्ही वाचता तरी का हो, जे लिहिता ते?"

पाच वाजता सगळे जमले. मिस्त्रींनी आपली किल्ली आधीच टेबलावर काढून ठेवली होती. ते पाहून मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"निळी गाडी हेअरपिन ओलांडून मग बंद पडली," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे वळणावर उभ्या माणसाने तिला नवव्या फेरीतही लिहिलं असतं. रेषेवरच्या पंचांच्या तक्त्यात मात्र ती नवव्या फेरीत नसणारच. आणि या वाघांच्या कागदातही ती नाही."

"अहो, एखादी गाडी नजरेतून सुटते," भाऊजी बोलून गेले.

"वीस गाड्यांतली नेमकी तीच? आणि बाकी सगळं पंचांशी जुळतं? यांनी हेअरपिनवरून काहीच लिहिलं नाही. शर्यत चालू असताना हे इथे कपाट उघडत होते. नंतर फळ्यावरचा तक्ता उतरवून घेतला, नि त्यातल्या फेऱ्या कुठे उभं राहून मोजतात हेच विसरले. फोटोंची भीती कुणाला? त्या आगीची गोष्ट एकतीस वर्षं जो सांगतोय, त्याला."

वाघाने शर्टाच्या आतून पाकीट काढलं. "फाडणार होतो," तो पुटपुटला. "पण त्या शर्यतीचे दुसरे फोटोच नाहीत. नाही फाडवले."

फोटोत ड्रायव्हरला पेटत्या गाडीतून ओढणारा माणूस स्पष्ट दिसत होता. तरुण, काटकुळा. मिस्त्री! वाघ फोटोत मागे कुंपण धरून उभा होता.

सगळे टाळ्या वाजवू लागले. मिस्त्रींनी हात वर करून थांबवलं. टाळ्या ऐकून त्यांचा चेहरा उतरला होता.

"बाबा, एवढी वर्षं बोलला का नाहीत? आज तर चोर ठरत होतात!"

"काय बोलू?" मिस्त्री म्हणाले. "पेट्रोलचा पाइप मीच बसवला होता. त्याच्या सांध्यावरची पट्टी आवळायची राहिली. माझ्या हातून लागलेल्या आगीतून माणूस काढला, त्याचं कौतुक कसलं करून घेऊ?"

"ड्रायव्हरला माहीत होतं?" मुलीने विचारलं.

"दवाखान्यात पहिलं त्यालाच सांगितलं. त्याचे भाजलेले दोन्ही हात बँडेजात होते. म्हणाला, दुसऱ्या कुणाला सांगू नकोस, परत कुणी तुला गाडीला हात लावू देणार नाही."