चार वेढे जास्त

कारखान्यात टाकलेलं पहिलं पाऊल नसीमने थेट हबीबच्या डब्यावर टाकलं. वांग्याची भाजी फरशीवर, आणि ही दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी.

"राहू द्या," हबीब म्हणाला. "तशीबी खारटच होती."

दुसऱ्या दिवसापासून तिच्या डब्यात दोघांच्या भाकरी येऊ लागल्या. सगळे त्याला हबीबभाई म्हणत. 'भाई' लावायला तीच तेवढी विसरायची.

कारंजा गावातला हा ट्रान्झिस्टर रेडिओचा कारखाना झपाट्याने वाढत होता. मालक कस्तुरचंद तेविशीचे, वडिलांच्या कापडदुकानातून थेट इकडे आलेले. रेडिओ कानाने ऐकतात, इथवर त्यांचा अभ्यास झाला होता. धंदा मात्र रक्तात होता: गिऱ्हाइकाला चार बोटं कापड जास्त द्यावं, म्हणजे ते परत येतं. तेव्हा कॉइल गुंडाळणाऱ्या नसीमला हुकूम झाला— दर कॉइलला तारेचे चार वेढे जास्त.

गिऱ्हाईक परत आलं. रेडिओ घेऊन आलं. कामरगावला गेलेला अख्खा माल! जास्तीच्या वेढ्यांनी स्टेशनच सरकलं होतं: काटा नागपूरवर, आणि आत कोणी तरी भलत्याच भाषेत भांडत होतं.

हुकूम कोणाचा होता हे साफ विसरून कस्तुरचंदांनी सगळ्यांना उभं केलं. "हे जास्तीचे वेढे कोनं देल्ले? तो आजच घरी जाईन."

नसीमने हातातली तार खाली ठेवली. घरी म्हणजे शिलाई मशीन, चार भिंती... आणि समोरच्या टेबलावर हबीब नाही.

"म्या," हबीब म्हणाला.

तो फक्त जोडांना कथलाचा डाग द्यायचा. कॉइलच्या तारेला त्याने कधी हात लावला नव्हता. हे सगळ्यांना ठाऊक होतं, मालक सोडून.

"झूट!" नसीम पुढे झाली. "म्या देल्ले. अन् तुमीच सांगतलं होतं, शेठ."

कस्तुरचंदांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"सांगतलं होतं खरं... मंग आता मीच घरी जाऊ का?"

आधी कोणीच हसलं नाही. मग तेच हसले. "बसा दोघं, अन् उकला सारे वेढे."

दोघं समोरासमोर बसली.

"खोटं काहून बोलले?" तार सोडवत तिने विचारलं.

"तुमी गेल्या असत्या तं... दिवसभर पाहू कोनाकडे? शेठकडे?"

"शेठ दिसाले बरे हायेत."

"तुमच्यावानी नाहीत."

तिची बोटं थांबली. ओढणी उगाच सारखी झाली.

"अब्बा जुम्म्याले घरी असतात... नमाजानंतर या."

"अन् त्यायनं पुसलं, पोरीची मर्जी हाये का— तं?"

"तवा खरं सांगा," नसीम म्हणाली. "हाये म्हना."