माकडटोपीवाला प्रवासी

आमच्या घरात भांडणं दोनच गोष्टींवरून होतात: काँक्रीट किती पातळ असावं आणि चहा किती. हेमचंद्र दोन्हींत पाणी जास्त घालतो. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं मिळून काँक्रीटची भित्तिचित्रं करतो. आधी पुण्यात बँकांच्या नि दवाखान्यांच्या भिंतींवर केली, आणि अमेरिकेत आल्यावर, २००६ साली, इथे वेस्ट विंडसरला, स्टेशनच्या पार्किंगलगतच्या भिंतीचं काम मिळालं. विषय टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कमिटीने दिला: ट्रेनची वाट बघणारे लोक. एवढ्या मोठ्या जगात यांना हेच सुचलं!

आमची पद्धत साधी. हेमचंद्र थर्मोकोलच्या जाड पाटीत माणसं खोलगट कोरतो, मी वरून काँक्रीट ओतते. घट्ट झालं की पॅनल उभं करून थर्मोकोल सोलायचा. जिथे खड्डा होता, तिथे माणूस उठून येतो. हे सगळं आमच्या गॅरेजमध्ये. तिकडे दुसरं कुणी फिरकत नाही, कारण हेमचंद्र काम करताना गातो.

पहिलं पॅनल सोललं, तर गर्दीच्या मागे एक माणूस जास्त. अंगात स्वेटर, डोक्याला चक्क माकडटोपी.

"हा कोण?" मी विचारलं.

"मी नाही कोरला."

"मग काय, स्टेशनमास्तर येऊन बसवून गेला?"

माझे बाबा नागपूरला थंडीत माकडटोपी घालूनच जेवायला बसतात आणि जावईबापू त्यावर जन्मभर विनोद करत आलेत. त्यामुळे हा त्याचाच चावटपणा, अशी मला खात्रीच होती. तरी जिवाला स्वस्थता नव्हती, म्हणून बरे आहात ना, असं विचारायला बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, "मला काय धाड भरलीय?"

दुसऱ्या पॅनलवर तो गर्दीच्या मध्यावर आला. तिसऱ्यावर थेट पुढच्या रांगेत, एका बाईच्या खांद्यावरून आमच्याकडे बघत. फोटो बघून कमिटीच्या बाई "हाउ क्यूट!" म्हणाल्या. मी मात्र घरी येऊन फुटलेच.

"कबूल कर ना!"

"काय कबूल करू? ओतायच्या आधी तूच कोरतेस आणि वर मलाच बोलतेस."

इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांच्या कामाला गुपचूप कधी हात लावला नव्हता. आमचा संसार त्यावरच उभा होता. म्हणून मी बोलून गेले, "शेवटचं पॅनल तुझं तू कर. नावही एकट्याचं घाल. मी चालले नागपूरला."

थोड्या वेळाने तो चहा घेऊन आला. चक्क कडक.

"शैला, शेवटचं एकमेकांसमोर करू. मग जा."

त्याने माझ्यासमोर कोरलं. मी एकेक खड्डा बोटाने चाचपला, टोपी कुठेच नव्हती. त्याच्यासमोर ओतलं. वरची ओली बाजू, म्हणजे पॅनलची पाठ, पुढे भिंतीकडे जाते. तिच्यावर आम्ही दोघं पंजे उमटवतो, तीच आमची सही. वर ओलं गोणपाट पसरलं, गॅरेजला कुलूप लावलं आणि मग बाथरूमच्या दारापर्यंतसुद्धा जोडीनेच गेलो. या वयात एवढा रोमान्स पुरे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पॅनल गोणपाटासकट उभं केलं. थर्मोकोल सोलला.

माकडटोपीवाला नव्हता.

"म्हणजे तूच!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

मला रडू आवरेना. पहारा बसला आणि तो गेला, यापुढे विचारायचं ते काय उरलं? बॅग भरायची, बस्स. निदान शेवटची सही बघावी म्हणून मी मागे गेले आणि गोणपाट ओढलं.

"हेमचंद्र."

माझा आवाज ऐकून तो धावतच आला.

आमचे दोन पंजे आत रुतलेले होते.

त्यांच्या मधोमध तिसरा होता. तो रुतलेला नव्हता, बाहेर आलेला होता. आतून कुणीतरी हात लावावा तसा.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "तू नव्हतास."

"तूही नव्हतीस," तो म्हणाला आणि त्याने माझा हात घट्ट धरला.

तिसऱ्या पंजाच्या बोटांवर लोकरीच्या हातमोज्याची वीण टाकान्‌टाका उमटली होती.