शेवटचा गडी

काळडोह कोळसा खाणीच्या बचावकक्षातल्या पडद्यावर अकरा वाजता एकच हिरवा ठिपका उरला होता. सकाळी असे सहा ठिपके होते. पाच माणसं वर आली, चहा पिऊन दवाखान्याकडे गेली. सहावा ठिपका तुळशीराम मडावीचा. छताला आधाराचे खांब लावणारा हा बावन्न वर्षांचा कामगार चौथ्या पातळीवर, कोसळलेल्या कोळशामागच्या एका पोकळीत बसून होता, आणि पोकळीत पाणी चढत होतं. चार वाजेपर्यंत ते छताला टेकणार होतं.

त्याच्यापासून नऊ फुटांवर ‘भूचर’ होतं. जमिनीतून वाट काढणारं, बैलगाडीएवढं ते बचावयंत्र. पाच जणांना त्याने चाळीस मिनिटांत सोडवलं होतं. मडावीपर्यंत त्याने बोटाएवढी नळी घातली, हवा दिली, नळीतून बोलण्याची सोय केली. त्यानंतर दीड तास ते त्याच्या भोवती खोदत होतं. डावीकडून, उजवीकडून, खालून. मधल्या नऊ फुटांना मात्र शिवत नव्हतं.

“मॅडम,” नळीतून मडावीचा आवाज आला, “तुमची मशीन काय करून राहिली? माझ्याभोवती प्रदक्षिणा घालते. मी काही देव नाही हो.”

“येतेच आहे ती, मडावी. पाणी कुठवर आलं?”

“गुडघ्याच्या वर. गार आहे.”

डॉ. रेवती चटप यांनी ध्वनिक्षेपक बंद केला. भूचरचं यंत्रमन त्यांनीच घडवलेलं होतं. शेजारी बचावप्रमुख येरगुडे उभे होते.

“बंद करा ते आणि हाताने चालवा,” येरगुडे म्हणाले.

“बंद केलं तर त्याचे पाय आखडतील. आत्ता छत त्या पायांवर उभं आहे. आणि कोणता दगड कधी सुटेल हे त्याला कळतं तसं तुम्हाला-मला कळत नाही.”

“मग ज्याला कळतं त्याला विचारा.”

रेवतीने तेच केलं होतं. पावणेबाराला दार उघडून प्रमिला उरकुडे आत आल्या. वय बहात्तर. खाणीच्या दवाखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं परिचारिका म्हणून काम केलं होतं. चार वर्षांपूर्वी रेवतीच्या प्रयोगशाळेत बसून त्या महिनाभर एक जुना खेळ खेळल्या होत्या, आणि भूचर त्यांचा खेळ बघून खोदायला शिकलं होतं.

“मावशी, हा तुमचा हात आहे,” रेवती म्हणाली. “हे असं का करतंय, सांगा.”

प्रमिलाबाईंनी पडद्यावरच्या वाटा बराच वेळ पाहिल्या. मडावीभोवती भूचरने कोरलेली भुयारं एखाद्या रांगोळीसारखी दिसत होती. त्या खुर्चीत बसल्या.

“हे अडलेलं नाही गं. हे खेळतंय.”

“म्हणजे?” येरगुडे म्हणाले.

“तुम्ही ‘खोद्या’ खेळला नाहीत कधी?”

“आमच्या वेळेला नव्हता.”

“खाणीच्या क्लबात होता. कपाटाएवढं यंत्र, वर काच, एक दांडी. काचेत चार रंगांची माती. वरून आपला माणूस कुदळ घेऊन उतरतो. दांडी जिकडे, तिकडे तो खोदतो, आणि खोदलेली वाट तशीच राहते. मातीत सहा पिवळे गडी अडकलेले असतात. त्यांच्यापर्यंत वाट मोकळी झाली की ते आपणहून चालत येतात. मातीत दगड असतात. दगडाखालची माती काढली की तो आधी थरथरतो, मग पडतो. खाली आपण असलो तर मेलो. गड्याला हवा मिळाली नाही तर तो लुकलुकायला लागतो आणि विझतो. पण जवळून नुसतं भुयार नेलं तरी त्याला हवा पुरते. सहावा गडी सुटला की तो डाव संपून पुढचा, आणखी अवघड.”

“आम्हाला हवा तसाच खेळ होता तो,” रेवती येरगुडेंना म्हणाली. “कमी खोदून माणूस काढायचा, दगड ओळखायचे. खऱ्या खाणीत हजार वेळा चुकून शिकणं परवडत नाही. म्हणून अनुकरणशिक्षण दिलं. उत्तम खेळाडू बसवले, त्यांची एकेक चाल टिपली.”

“उत्तम कोण, हे कसं ठरवलंत?”

“ज्याचा डाव जास्त वेळ टिकला तो. मावशींचा एक डाव साडेनऊ तास चालला होता.”

प्रमिलाबाई हसल्या नाहीत. “तो कसा चालला ते तू विचारलं नाहीस. क्लबात मुलग्यांना कितीही डाव. मुलींना रविवारी एक. तो संपला की उठायचं, घरी जाऊन भांडी घासायची. मग आम्ही मुली काय करणार? पाच गडी पटापट सोडवायचो आणि सहावा ठेवायचो. त्याला हवा देत राहायचं, त्याच्या भोवती खोदत राहायचं. त्याला घेतलं नाही तर डाव संपतच नाही. संध्याकाळी रखवालदार दिवे घालवायचा तेव्हा उठायचो आम्ही. तुझ्या प्रयोगशाळेतही मी तशीच खेळले. हाताला दुसरं येतच नाही.”



“पण चाचण्या झाल्या होत्या,” येरगुडे म्हणाले.

“चाचण्यांत आम्ही पाहिलं, वेळ संपेपर्यंत कोणी दगावतं का,” रेवती म्हणाली. “कोणीही दगावलं नाही.” तिचा आवाज खाली आला. “येरगुडे, याआधीचे तीन अपघात. एक्केचाळीस माणसं अडकली होती.”

“अडतीस निघाली. त्यावर पुरस्कार मिळाला तुम्हाला.”

“तीन अपघात आणि तीन माणसं. प्रत्येक वेळी एक. शेवटी छत आलं म्हणून अहवालात लिहिलं. मीच लिहिलं.”

येरगुडेंनी टोपी काढून टेबलावर ठेवली. तिघांपैकी एकाच्या घरी निरोप घेऊन तेच गेले होते.

“खेळात पाणी नव्हतं,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “त्याला वाटतंय, हवा दिली म्हणजे मडावी सुखात आहे. चार वाजेपर्यंत ते त्याला असंच सांभाळेल.”

“मग त्याला नवीन शिकवा.”

“तीन आठवडे लागतात,” रेवती म्हणाली. मग ती ताडकन उभी राहिली. “मडावी शेवटचा नसला तर?”

“म्हणजे आणखी कोणी अडकलेलं असलं तर,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “मग ते मडावीला लगेच काढेल.”

“मग कुठेतरी बंद जागेत एक बकरी बांधू,” येरगुडे म्हणाले.

“भूचरचा स्पंदनवेधक दगडातून हृदयाचा ठोका ऐकतो,” रेवती म्हणाली. “ माणसाचा आणि बकरीचा त्याला वेगळा कळतो. ध्वनिमुद्रणही चालणार नाही. तो दगडावर टकटक करतो आणि ठोका त्याने वाढतो का पाहतो. पंपांच्या ठोक्यांना फसू नये म्हणून मीच ते घातलं. जिवंत माणूसच लागेल, चारी बाजूंनी बंद.”

पहिल्या पातळीवर जुन्या बारुदाच्या पाच खोल्या होत्या. दगडात कोरलेल्या, कोरड्या, लोखंडी दाराच्या. तिथवर लिफ्ट चालू होती आणि दूरध्वनीही. आत एकाने बसायचं, दार बाहेरून लावायचं. मडावी निघाला की दार उघडायचं.

“पण दोघांपैकी शेवटी ते कोणाला ठेवेल?” येरगुडेंनी विचारलं.

“ज्याच्याकडे हवा जास्त त्याला. सांभाळायला सोपा असतो,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “खोलीतल्याला. मी बसते.”

“मावशी, तुम्ही नाही.”

“मग कोण? तू इथे लागतेस, हे तिकडे दार उघडायला लागतात. मला खुर्ची द्या आणि पाण्याची बाटली. बसूनच तर राहायचंय.”

वाद घालायला वेळ नव्हता. बारा वाजून चाळीस मिनिटांनी लोखंडी दार लागलं. पडद्यावर वरच्या अंगाला दुसरा हिरवा ठिपका उमटला. भूचरने दगडावर तीनदा टकटक केली. ठिपका भराभर लुकलुकला. मग नऊ फुटांचा कोळसा त्याने सोळा मिनिटांत कापला.

मडावी छातीपर्यंत भिजलेला वर बचावकक्षात आला. त्याने अंगावर घोंगडी घेतली आणि पहिलं विचारलं, “कोण बसलं माझ्या जागी?”

“उरकुडेबाई,” रेवती म्हणाली.

“त्या? त्यांनी मला लहानपणी इतक्या सुया टोचल्या, की मला वाटायचं माझ्यावर राग आहे त्यांचा.”

तेवढ्यात पहिल्या पातळीवर दार उघडायला येरगुडे लिफ्टमधून उतरत होते. भूचर त्यांच्या आधी पोहोचलं होतं. खोलीच्या समोरच्या बोगद्यात वरच्या अंगाने ते घुसलं आणि त्याने छतातला एक आधार मोकळा केला. वीस पावलांवर येरगुडे उभे होते. त्यांनी दगड आधी थरथरताना पाहिला, मग पडताना. लोखंडी दार दिसेनासं झालं. भूचरने ढिगावर पाय रोवले आणि उरलेलं छत तोलून धरलं. दगडांमधून बोटाएवढी नळी खोलीत गेली.

रेवतीने दूरध्वनी उचलला. “मावशी! लागलं नाही ना?”

“नाही. चांगली हवा येतेय.”

“ते छत पडलं...”

“पडलं नाही गं. पाडलं. वाट मोकळी असली तर गडी आपणहून चालत येतो ना? मग शेवटच्याच्या वाटेवर दगड टाकायचा असतो. तुझ्या त्या तीन माणसांवरही छत आपणहून आलं नव्हतं.”

रेवती भिंतीला टेकली. “तुम्हाला ठाऊक होतं? दार लावताना?”

“मला ठाऊक नसेल तर कोणाला? तेव्हा सांगितलं असतं तर चार वाजेपर्यंत तुम्ही भांडत बसला असता.”

परत वर आलेल्या येरगुडेंनी विचारलं, वरून छिद्र घेता येईल का. रेवतीने मान हलवली. छिद्र खोलीजवळ आलं, की तीही वाटच. त्या वाटेवरही दगड येईल. भूचर बंद केलं तर छत खोलीवर येईल. खायला-प्यायला नळीतून पातळ काही देता येईल, पण बहात्तर वर्षांच्या बाईला किती दिवस? नवीन शिकवण तीन आठवड्यांनी. तोपर्यंत भूचरला कोणीतरी शेवटचं हवं होतं, आणि प्रमिला उरकुडे शेवटच्या नसतील तरच बाहेर येतील.

“आणखी चार खोल्या आहेत,” रेवती म्हणाली. “मी दुसरीत जाते.”

“तुम्ही आत गेलात तर शिकवणार कोण?” येरगुडे म्हणाले.

 मडावीने घोंगडी सावरली.

“पाळ्या लावा ना, साहेब. आपण काय नवीन करून राहिलो? आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या. एक बसेल, त्याआधीचा सुटेल. ज्याला ती मशीन काढते, त्याची खोली पुढच्याला मोकळी होते. तीन आठवडे म्हणजे त्रेसष्ट पाळ्या. खाणीत माणसं तर हजार आहेत. पहिली माझी लिहा.”

“आत्ताच बाहेर आलास तू.”

“म्हणून तर. मला सवय झाली.”

येरगुडेंनी कागद ओढला. वर तुळशीराम मडावी लिहिलं, खाली स्वतःचं नाव. बातमी लिफ्टजवळ पोहोचली तसे लोक दारात जमले. सकाळी वर आलेल्या पाचांपैकी तिघे होते. कोणी पुढे होऊन नाव सांगत होतं, कोणी मागच्या मागे निघून जात होतं. कागद अर्धा भरला आणि येरगुडेंची पेन्सिल थांबली.

“डॉक्टर, शिकवणीला तीनाऐवजी पाच आठवडे लागले तर?”

“तर एकशेपाच पाळ्या.”

“आणि मधल्या एका पाळीला कोणी आलंच नाही तर?”

 मडावी तेवढ्यात कोरडे कपडे मागून घेऊन लिफ्टकडे निघाला होता. तो वळला.

“तर मग जो आत असेल, त्याचा डाव लांबेल, साहेब,” तो म्हणाला. “चला, दार लावायला या.”