बुडालेल्या अंगणातला बाक

झोर्नित्साची आई स्तोयांका गेल्यापासून तिच्या वडिलांनी, मेतोदींनी, जेवणावर रागच धरला होता. झोर्नित्साने काहीही रांधलं तरी वडिलांचं उत्तर एकच: मान खालीवर. बल्गेरियन माणूस 'नाही' म्हणतो तो असाच. 'हो' असेल तर मान आडवी हलते. कझानलाकच्या त्या स्वयंपाकघरात आडवी मान हिवाळ्यापासून दिसली नव्हती.

म्हाताऱ्याने जरा खुलावं, चार घास खावेत, म्हणून तिने आभासी जगाचा चष्मा आणला. धरणात बुडालेल्या गावातलं त्यांचं अंगण तिने जुन्या फोटोंवरून संगणकात उभं केलं होतं: विहीर, चेरीचं झाड, बाक. माणसं काही तिला जमली नव्हती.

दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दिसतात, म्हणून मेंदू फसतो, तिने समजावलं. मान वळवली की दृश्यही वळतं. डॉक्टर यावर शस्त्रक्रियेचा सराव करतात, वैमानिक विमान उडवायला शिकतात.

"आणि म्हातारे?"

"म्हातारे तक्रारी करतात. आता नीट ऐका. मधेच 'इथेच थांबायचं का?' अशी अक्षरं उमटतील. चष्मा परदेशी आहे, बाबा, त्याचं सगळं उलटं. खालीवर म्हणजे हो."

चष्मा चढवला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की तिला भरून आलं. चेरीला काय फुलं आलीत, म्हणाले. तिने झाड बिनफुलांचं केलं होतं. मग ते खुर्चीतच एका बाजूला सरकले, शेजारी कुणाला जागा करून द्यावी तसे.

"आईच्या आवाजात विचारायला लावलंस होय गं?"

"काय?"

"इथेच थांबायचं ना, म्हणतेय."

तिने आवाज घातलाच नव्हता. संगणकाच्या पडद्यावर अंगण रिकामं होतं.

"पोरीने घेवड्याचं सूप केलंय, स्तोयांका," ते मायेने म्हणाले. "आज नको." आणि जन्माच्या सवयीने मान खालीवर हलवली.

पडद्यावर उत्तर उमटलं: हो.

झोर्नित्साने घाईघाईने चष्मा काढला. बाबा तिच्याकडे बघून हसले. छान हसले. तिचा जीव भांड्यात पडला.

"सूप वाढू?"

त्यांनी मान खालीवर केली.

नेहमीचंच 'नाही'. ती पळी खाली ठेवणार, तोच त्यांनी वाडगा पुढे केला. हे चष्म्यातलं 'हो' होतं.